पाहुणे कीं प्रेक्षक?

दिवाळीची सुटी संपते, शाळा पुन्हां सुरू होते, सकाळच्या प्रार्थनेस उभें राहतांना अंगावर थोडा शहारा येऊं लागतो, आणि मग आमच्या वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकूं येतो, "सर, यंदाची सहल कोठें?" प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें मुंबई, महाबळेश्वर, गोवा हीं नांवें नाचत असतात. एखादा धीट विद्यार्थी पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या एखाद्या उद्यानाचें नांव सुचवितो, आणि सारा वर्ग त्यास टाळ्यांनीं अनुमोदन देतो. परंतु आमच्या वीस वर्षांच्या शिक्षकी पेशांत थाळनेर, पाटणें, आसोदें, सोनगीर अगर पारोळें यांपैकीं एकहि नांव कोणा विद्यार्थ्यानें आपण होऊन सुचविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आपल्या खानदेशांत पाहण्यासारखें काय आहे असें विचारलें, तर "अजिंठ्याचीं लेणीं" असें उत्तर मिळतें. आणि तीं लेणीं तर शेजारच्या जिल्ह्यांत आहेत!

दुसऱ्या बाजूस, शहरांतील पालकवर्गामध्यें अलीकडे एक निराळीच हौस दिसूं लागली आहे. रविवारीं सकाळीं मोटार काढावी, पन्नास-साठ किलोमीटरवरचें एखादें जुनें गांव गांठावें, पडक्या वेशींत उभें राहून मोबाईलवर चार छायाचित्रें घ्यावीं, नदीकांठीं झाडाखालीं भरीत-भाकरीचें जेवण करावें, आणि "गांव किती सुरेख, किती शांत!" असें म्हणत दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, असा हा क्रम आहे. सोमवारीं त्या रविवारची हकीकत वर्गांत येते. छायाचित्रांत वेस असते, वड असतो, वडाच्या पारावर बसलेला एखादा म्हाताराहि असतो. परंतु त्या म्हाताऱ्याचें नांव काय, असें आम्हीं विचारलें, तर तें कोणासच सांगतां येत नाहीं.

या दोन्ही गोष्टींविषयीं आमचें जें मत बनलें आहे, तें शाळेच्या या वार्षिक अंकाच्या निमित्तानें विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें ठेवावें, असा आमचा विचार आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शाळेची सहल दूरच्या शहरीं नेण्यापेक्षां जवळच्या जुन्या गांवीं न्यावी. परंतु तेथें जावयाचें तें प्रेक्षक म्हणून नव्हे, तर पाहुणे म्हणून जावें. यांपैकीं पहिली गोष्ट पटविणें सोपें आहे. दुसरी गोष्ट आम्हांस स्वतःस कशी पटली, हें सांगतांना थोडी लाज वाटते. तथापि सांगणें अवश्य आहे.

प्रथम पहिली गोष्ट घेऊं. जळगांव व धुळें या आपल्या शहरांस आपण मोठीं समजतों, आणि तीं आज मोठीं आहेतहि. २००३ सालीं दोन्ही ठिकाणीं महानगरपालिका झाली. परंतु वयाचा विचार केला, तर मोठेपणाचा मान दुसऱ्या बाजूस जातो. धुळें हें जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें, तें १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसल्यानंतर; कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानें आपली कचेरी तेथें आणली, तेव्हांपासून. जळगांव भरभराटीस आलें, तें आगगाडी आली आणि अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) इकडच्या कापसास भाव आला, तेव्हांपासून. आणि तें जिल्ह्याचें ठिकाण झालें तें तर १९०६ सालीं, खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडल्यावर. म्हणजे शहर या नात्यानें या दोघांचें वय दोनशें वर्षांच्या आंतबाहेर आहे. उलट, ज्यांस आपण आज खेडीं म्हणतों, त्यांपैकीं कित्येक गांवें त्यापूर्वीं कित्येक शतकें नांवाजलेलीं होतीं. शहरांतील मुलगा अशा गांवीं जातो, तेव्हां नातवानें आजोबांच्या घरीं जावें, तसें तें जाणें आहे. आजोबांचें घर पडकें असेल. पण म्हणून नातवानें तेथें ऐटींत शिरावें, हें शोभत नाहीं.

थाळनेरचेंच उदाहरण पाहा. धुळ्याच्या ईशान्येस सुमारें पंचेचाळीस किलोमीटरवर, शिरपूर तालुक्यांत, तापीच्या उंच कांठावर हें गांव वसलें आहे. इ. स. १३७० मध्यें दिल्लीच्या फिरोझशहा तुघलकानें हा मुलूख मलिक राजा नांवाच्या सरदारास दिला. आणि ज्या फारुकी घराण्यानें पुढें १६०१ पर्यंत, म्हणजे अकबर बादशहानें अशीरगड घेईपर्यंत, खानदेशावर राज्य केलें, त्याची पहिली राजधानी येथें झाली. बऱ्हाणपुराचें वैभव नंतरचें. मलिक राजा १३९९ सालीं वारला. त्या घराण्यांतील राजांचीं थडगीं थाळनेरास आहेत, आणि त्यांतील एका अष्टकोनी इमारतीवरील नक्षीकाम तर मुद्दाम थांबून पाहण्यासारखें आहे.

याच थाळनेरच्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं एक भयंकर प्रसंग घडला. मंदसोरच्या तहानें होळकरांकडून हा किल्ला इंग्रजांस मिळाला होता. परंतु किल्लेदारानें तो सोडला नाहीं. शरणागतीचें बोलणें चाललें असतां दरवाजाशीं गोंधळ उडून झटापट झाली, दोन इंग्रज अधिकारी पडले, आणि त्यावर सर टॉमस हिस्लॉप याच्या फौजेनें आंतील सुमारें तीनशें लोकांची कत्तल केली व किल्लेदारास फांशीं दिलें. ही शिक्षा इतकी कठोर होती, कीं दुसऱ्या वर्षीं लंडनच्या पार्लमेंटांत विजयी सैन्याचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हां थाळनेरच्या या कृत्याविषयीं तेथें उघड प्रश्न विचारले गेले. तापीकांठच्या एका गांवाचें नांव दोनशें वर्षांपूर्वीं लंडनच्या सभागृहांत निघालें. आणि येथें, मोटारीनें दीड तासाच्या अंतरावर राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तें गांव नकाशावर दाखवितां येत नाहीं!

आतां दुसऱ्या टोकास, चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या पायथ्याशीं चला. तेथें पाटणें हें गांव आहे, आणि रानाच्या कडेस पाटणादेवीचें जुनें देवालय आहे. येथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख आहे. प्रख्यात गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारीं ज्योतिषी होते. (मुक्ताबाईंचे शिष्य योगी चांगदेव ते निराळे.) आजोबांनीं लिहिलेले ग्रंथ पुढील पिढ्यांस शिकविले जावे, म्हणून या नातवानें पाटण येथें मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभ घराण्याच्या अधिपतींनीं त्यास उत्पन्न लावून दिलें, असें तो लेख सांगतो. आमचें मन अधिक वेधून घेतो, तो या लेखाचा शेवटचा, जुन्या मराठींतील भाग. बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठास द्यावा, आणि गांवांत जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागें एक एक पळी तेल मठास द्यावें, अशी तजवीज त्यांत केलेली आहे.

विद्यार्थीहो, गणिताचा तास आला कीं ज्यांच्या पोटांत दुखूं लागतें, त्यांनीं या पळीभर तेलाचा क्षणभर विचार करावा. आठशें वर्षांपूर्वीं आपल्याच जिल्ह्यांतील एका गांवच्या तेल्यानें आपल्या घाण्यांतील तेल दिलें, तें गणित शिकणाऱ्या कोणाच्या तरी पोरांकरितां दिलें. त्यास स्वतःस बीजगणित ठाऊक नसेल. परंतु त्याच्या तेलावांचून तें शिकविणें चाललें नसतें. पुस्तकांतील भास्कराचार्य आणि पाटणचा तेली हे दोघे एका दगडावर एकत्र बसले आहेत. आणि त्यांची भेट घ्यावयास चाळीसगांवच्या गाडीचें भाडें पुरें होतें.

तिसरें उदाहरण तर जळगांवच्या वेशीवरचें आहे. आसोदें येथें १८८० सालीं बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर व शेतांत काम करतांना त्यांनीं जीं गाणीं रचलीं, तीं त्यांचे पुत्र कवि सोपानदेव चौधरी यांनीं व घरांतील आणखी एका नातलगांनीं टिपून ठेविलीं. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या. पुढच्याच वर्षीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं, आणि सारा महाराष्ट्र चकित झाला. २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. ज्या बाईस शाळेची पायरी चढावयास मिळाली नाहीं, तिच्या नांवाच्या विद्यापीठांतून आज आपले विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात. आणि हीं गाणीं शहरच्या ग्रांथिक मराठींत नाहींत. तीं गांवच्या बोलींत आहेत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

येथवर आम्हीं जें सांगितलें, तें कोणीहि मान्य करील. जवळच्या गांवांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे, खर्च थोडा आहे, आणि एका दिवसांत जाऊन येतां येतें. आम्हींहि पूर्वीं एवढेंच समजत होतों. आतां दुसऱ्या गोष्टीकडे वळूं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं इयत्ता नववीचे चाळीस विद्यार्थी घेऊन तापीकांठच्या एका जुन्या गांवीं गेलों. गांवाचें नांव येथें मुद्दामच देत नाहीं. सहलीची तयारी आम्हीं मोठ्या हौसेनें केली होती. किल्ल्याचा आराखडा काढून आणला होता, सनावळीचें टिपण केलें होतें, आणि पडक्या बुरुजावर उभें राहून तासभर व्याख्यानहि दिलें. मुलांनीं तें ऐकल्यासारखें केलें. त्यानंतर तीं गांवांत पांगलीं, आणि आम्हांस जें दिसलें तें असें : कोणी भिंतीवर कोळशानें आपलें नांव लिहीत होता, कोणी एका घराच्या ओट्यावर न विचारतां चढून छायाचित्र घेत होता, आणि दोघेतिघे पाणवठ्यावरील बायांच्या बोलण्याची नक्कल करून हंसत होते. आम्हीं रागें भरलों, नांव पुसावयास लाविलें, आणि आपलें कर्तव्य झालें असें समजलों.

आमच्या वसतिगृहांत राहणारा एक हुशार मुलगा त्या दिवशीं सकाळपासून सर्वांच्या मागें मागें चालत होता. त्याची प्रकृति बरी नसावी, असें आम्हांस वाटलें. दुपारीं आम्हीं चिंचेखालीं डबे सोडून बसलों असतां डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी त्या वाटेनें आली. त्या मुलाकडे दृष्टि जातांच ती थांबली, भारा खालीं टाकला, आणि हर्षानें म्हणाली, "उना का रे भाऊ?"

अहिराणी बोलींत त्याचा अर्थ "आलास का रे बाळा?" एवढाच आहे. परंतु "उना" हा शब्द ऐकतांच सारीं मुलें खो खो हंसलीं. त्या मुलानें मान खालीं घातली आणि आम्हांकडे न पाहतां म्हणाला, "सर, मी यांना ओळखत नाहीं."

म्हातारीनें तें ऐकलें. ती कांहीं बोलली नाहीं. भारा उचलून ती निघून गेली, आणि थोड्या वेळानें एका हातांत पाण्याची कळशी व दुसऱ्या हातांत भाजलेल्या शेंगांचें गांठोडें घेऊन परत आली. "पोरें उन्हांतून आलीं आहेत, मास्तर," अशा अर्थाचें कांहीं बोलून तिनें चाळीसहि मुलांस मूठ मूठ शेंगा वाढल्या. त्या मुलासहि तितक्याच वाढल्या. एक शेंग अधिक नाहीं, एक उणी नाहीं, आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेंहि नाहीं. मग ती आमच्याजवळ बसून घाटाच्या पायऱ्यांविषयीं सांगूं लागली : तापीचा पूर कोणत्या पायरीस लागला म्हणजे खालच्या आळींतील लोक घरें सोडीत, कोणती शिळा हलवूं नये असें तिच्या सासऱ्यांनीं बजावलें होतें, किल्ल्यांतील विहिरीचें पाणी केव्हां गोड होतें व केव्हां मचूळ झालें. आमच्या तासभराच्या व्याख्यानांत यांपैकीं एकहि गोष्ट नव्हती. मुलें आतां हंसत नव्हतीं. पुढें सरकून ऐकत होतीं.

परतीच्या गाडींत तो मुलगा आमच्याशेजारीं येऊन बसला. बराच वेळ गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, ती माझी आजी."

पुढील रविवारीं आम्हीं त्यास बरोबर घेऊन पुन्हां त्या गांवीं गेलों. त्यानें आजीचे पाय धरले. तिनें त्यास उठविलें आणि आपल्या बोलींत म्हणाली कीं, सोबती हंसत होते, तर पोरानें करावें तरी काय? तिच्या मनांत राग नव्हता. परंतु आमच्या मनांतून तो दिवस अद्यापि गेलेला नाहीं.

कारण त्या मुलास आजी नाकारावयास शिकविलें कोणी? सोबत्यांनीं एका दिवसांत शिकविलें नाहीं. तें आम्हीं दोन वर्षें शिकवीत होतों. त्याच्या निबंधांतील गांवचा शब्द दिसला, कीं आम्हीं त्यावर तांबडी रेघ मारीत होतों. परीक्षेंत ग्रांथिक भाषा हवी, हें खरें. परंतु तुझी बोली चूक नाहीं, ती निराळी आहे, असें एकदांहि आम्हीं त्यास सांगितलें नव्हतें. ग्रिअर्सनसारख्या परदेशी पंडितानें हिंदुस्थानांतील भाषांची पाहणी केली, तेव्हां खानदेशीस त्यानें आपल्या ग्रंथांत स्वतंत्र जागा दिली. आणि आम्ही खानदेशांतील शिक्षक तिला शुद्धलेखनाच्या चुकांत जमा करीत होतों! ज्या बहिणाबाईंचा धडा शिकवितांना आमचा गळा दाटून येतो, त्यांच्यासारखीच एक म्हातारी भारा घेऊन समोर उभी राहिली, तर आमचा वर्ग हंसतो. असा वर्ग ज्या गांवीं जातो, तेथें तो गांव पाहावयास जात नाहीं. आपण गांवापेक्षां किती मोठे आहों, हें पाहावयास जातो.

प्रेक्षक आणि पाहुणा यांत भेद आहे तो हाच. प्रेक्षक तिकिट काढून येतो, आणि जें समोर आहे तें आपल्या करमणुकीसाठीं आहे, असें समजतो. पाहुणा घरच्यांची विचारपूस करतो, जें वाढलें तें खातो, निघतांना "येतों" म्हणतो, आणि पुढें कधीं तरी त्यांसहि आपल्या घरीं बोलावतो. "किती सुरेख, किती शांत" असें म्हणणाऱ्यास गांवची शांतता दिसते. तेथील तरुण मुलें कामधंद्यासाठीं सुरतेस व पुण्यास गेलीं आहेत म्हणून ती शांतता आहे, हें विचारपूस करणाऱ्यासच कळतें.

आमच्या या मतावर पालकांकडून येणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, "आम्ही मूळचे खेड्यांतलेच, मुलाला पुन्हां खेडेंच दाखविण्यासाठीं पैसे कां द्यावे?" यावर आमचें नम्र उत्तर असें कीं, आपण खेड्यांत वाढलां, आपला मुलगा वाढलेला नाहीं. तो सुटींत दोन दिवस आजोळीं जातो आणि तेथेंहि मोबाईलमध्येंच असतो. आपण ज्या गांवांतून आलां, तें त्यास ओळखीचें करून देणें हें आपल्या घरचेंच काम आहे. शाळा त्यास हातभार लावूं इच्छिते, एवढेंच.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलांनीं मोठें जग पाहावयास नको काय? पाहावें, अवश्य पाहावें. खानदेशांतील प्रत्येक मुलानें एकदां समुद्र पाहावा, अशी आमचीहि इच्छा आहे. परंतु दूरच्या सहलीची यादी वर्गांत लागते, तेव्हां त्या यादींत जीं नांवें नसतात, तीं पालकांस दिसत नाहींत. आम्हां शिक्षकांस दिसतात. "सर, मला बरें वाटत नाहीं," "सर, घरीं लग्न आहे," अशीं कारणें सांगणाऱ्या मुलांच्या घरीं सहलीच्या वर्गणीचे पैसे नसतात, हें आम्ही जाणून असतों. जवळच्या गांवच्या सहलींत कोणासहि मागें राहावें लागत नाहीं. ज्या सहलीस सारा वर्ग जाऊं शकत नाहीं, ती वर्गाची सहल कसली?

तिसरा आक्षेप गांवकऱ्यांचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. "तुमच्या सहली येतात, आणि जातांना आमच्या नदीकांठीं कागदी ताटल्या व प्लास्टिकच्या बाटल्या ठेवून जातात," असें आम्हांस एकाहून अधिक ठिकाणीं ऐकावें लागलें आहे. यास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. फक्त कबुली आहे.

गांवीं कसें जावें, याचा धडा घ्यावयास आपणांस दूर जावयाचें कारण नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निधन झालें, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ दुसऱ्याच वर्षीं तेथें स्थापन झालें. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनीं काढले. त्यांतील पहिला १८९८ सालीं निघाला. ते कागद सरकारी कचेरींत बसून मिळाले नाहींत. गांवोगांव हिंडून, घरमालकांची मनधरणी करून, माळ्यावरील दप्तरें खालीं काढून ते मिळविले गेले. राजवाडे गांवीं गेले, ते प्रश्न घेऊन गेले. गांवापाशीं आपणांस देण्यासारखें कांहीं तरी आहे, आणि तें मागावयाचें तर मान लववून मागितलें पाहिजे, हें ते जाणत होते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं प्रत्येक जण इतिहासाचार्य होईल असें नव्हे. परंतु एक प्रश्न घेऊन गांवीं जाणें कोणासहि जमण्यासारखें आहे.

म्हणून शाळेच्या सहलीसाठीं आम्ही पुढील गोष्टी सुचवितों.

एक : सहल एकाच गांवाची असावी. एका दिवसांत पांच ठिकाणें पाहणाऱ्यास पांचांपैकीं एकहि दिसत नाहीं.

दोन : शक्य तेथें ज्या गांवचा विद्यार्थी आपल्या शाळेंत आहे, असें गांव निवडावें, आणि त्या दिवसाचा यजमान तो विद्यार्थी असावा. त्यानें पुढें चालावें, शिक्षकानें मागें. परंतु त्याची इच्छा आधीं एकांतांत विचारावी. चारचौघांत विचारूं नये.

तीन : जाण्यापूर्वीं गांवच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस व ग्रामपंचायतीस पत्र लिहावें. कोणाच्या घरीं जातांना आपण आधीं कळवितों. गांव हेंहि घरच आहे.

चार : प्रत्येक विद्यार्थ्यानें गांवांतील एका वडील माणसास एक प्रश्न विचारावा, आणि मिळालेलें उत्तर त्या माणसाच्या बोलींतच लिहून आणावें. या लिखाणावर तांबडी रेघ मारली जाणार नाहीं, असें आम्ही येथें लेखी वचन देतों. ज्याच्याशीं बोललों, त्याचें नांव विचारल्यावांचून व त्याची परवानगी घेतल्यावांचून छायाचित्र घेऊं नये.

पांच : जुन्या भिंतीवर खडूनें, कोळशानें अगर खिळ्यानें कांहींहि लिहूं नये. प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं १९५८ सालीं कायदा झालेला आहे. परंतु दुसऱ्याच्या आजोबांच्या घराची भिंत खराब न करण्यास कायद्याची गरज नसावी. बरोबर नेलेली प्रत्येक वस्तु, रिकामी झाली तरी, परत आणावी. आणि नदी असेल तेथें शिक्षकाच्या आज्ञेवांचून पाण्यांत पाय घालूं नये. तापीचा कांठ वरून शांत दिसला तरी खालीं डोह असतात.

सहा : परत आल्यावर सहलीचा वृत्तांत लिहून त्याची एक प्रत त्या गांवच्या शाळेस पाठवावी, आणि त्याच वर्षीं त्या शाळेच्या मुलांस एक दिवस आपल्या शाळेंत बोलवावें. त्यांस आपली प्रयोगशाळा दाखवावी, आपल्या मैदानावर खेळूं द्यावें, आपल्या पंक्तीस बसवावें. ज्या घरीं आपण जेवलों, त्या घरास आपल्या घरीं कधीं बोलाविलेंच नाहीं, तर तें जेवण आपल्या अंगीं लागत नाहीं.

पालकांसहि आमची एक विनंती आहे. आपण रविवारीं मोटार काढतां, तेव्हां ती जरूर काढा. परंतु जेवण डब्यांतून नेण्याऐवजीं गांवांतील एखाद्या घरीं आदल्या दिवशीं सांगून करवून घ्या, आणि त्याचे पैसे मान राखून द्या. शेंगा, केळीं, पितळेचें एखादें भांडें, जें तेथें पिकतें व घडतें तें तेथेंच विकत घ्या. आणि मुलास तेथें कोणा म्हाताऱ्या माणसापाशीं अर्धा तास बसवा. त्या अर्ध्या तासांत छायाचित्र न निघालें तरी चालेल.

आमच्या त्या विद्यार्थ्याविषयीं वाचकांस जाणावेसें वाटेल. तो शिकून नोकरीस लागला आहे. ही हकीकत त्याच्या अनुमतीनेंच आम्हीं लिहिली आहे. त्याची आजी आतां हयात नाहीं. गांवाचें नांव आम्हीं गाळलें, तें आतां त्यास लाज वाटते म्हणून नव्हे. कोणीहि विचारलें तरी तो तें प्रथम सांगतो. तें सांगण्याचा हक्क त्याचा आहे, आमचा नव्हे, एवढ्यासाठींच आम्हीं तें गाळलें.

यंदा सहलीचा विचार होईल, तेव्हां आमच्या वर्गांत कोणी तरी हात वर करावा, आणि मुंबई-महाबळेश्वराचें नांव न घेतां म्हणावें, "सर, आमच्या गांवीं चला." त्या हाताची आम्ही वाट पाहत आहों.